चकतीचा नववा थांबा

१

सोमवारी सकाळी छापखान्याचं शटर अजून पुरतं वर गेलं नव्हतं, तोच कंपनीचे संस्कृती अधिकारी वाकून आत शिरले. काखेत एक पुस्तक होतं. दोन दिवस डोळ्याला डोळा लागला नसावा, असा चेहरा.

"मालक कुठे आहेत?"

"येतील एवढ्यात. बसा ना," मुद्रितशोधक बाई म्हणाल्या.

ते बसले नाहीत. बाईंच्या टेबलावरचे कागद त्यांनी हाताने बाजूला सारले आणि पुस्तक उघडून ठेवलं. बाईंना ते पुस्तक तोंडपाठ होतं. सात महिने तेच काम चाललं होतं. कंपनीला पंचवीस वर्षं झाली म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हातात द्यायचं पुस्तक. कंपनीची संस्कृती नुसती वाचायची नाही, हाताने चालवून पाहायची. पहिलं पान उलटलं की कागदाची इमारत उभी राहायची. पट्टी ओढली की दोन हात एकमेकांत गुंफायचे. पाचव्या पानावर बिजागरीचं छोटं दार होतं. ते उघडलं की आत लिहिलेलं, 'आमचं दार सदैव उघडं'. आणि अकराव्या पानात एक चकती बसवलेली. कडेच्या दात्यांना बोट लावून फिरवली की पानाच्या खिडकीत एकेक अभिमानाचं वर्ष यायचं. आठ वर्षं, आठ थांबे. नववा थांबा कोरा, नुसता निळा.

अधिकाऱ्यांनी चकती त्या नवव्या थांब्यावर आणली आणि पुस्तक तिरकं करून खिडकीच्या उजेडात धरलं.

कोऱ्या निळ्यावर अक्षरं होती. शाई नव्हती. कागदातच दाबलेली, समोरून पाहिलं तर न दिसणारी.

*दोन नंबर शेड. सात माणसं. दार बाहेरून बंद होतं.*

"शनिवारी संध्याकाळी अध्यक्ष खिडकीशी बसून चकती फिरवत होते," अधिकारी म्हणाले. "त्यांच्या बोटाला अक्षरं लागली. मग आम्ही पोचलेल्या चाळीस प्रती उघडल्या. चाळीसही अशाच."

तेवढ्यात मालक आले. त्यांनी ओळ वाचली आणि ते खुर्चीत बसले. वडिलांनी काढलेला छापखाना त्यांनी चाळीस माणसांसकट सांभाळला होता आणि हल्ली तो त्यांना पेलवत नव्हता.

"अध्यक्षांना गुरुवारपर्यंत नाव हवंय," अधिकारी म्हणाले. "ज्यानं केलं त्याचं. नाहीतर आठशे प्रती रद्द, आणि पुढे कोर्ट. हे त्यांचे शब्द. माझे नाहीत."

ते गेल्यावर मालक म्हणाले, "बाई, तुम्हीच बघा आता. एकोणतीस वर्षं लोकांच्या चुका शोधताय."

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. दोन वर्षांनी निवृत्त व्हायचं, मग छापलेलं काहीही वाचायचं नाही, असं त्यांनी घरी नवऱ्याला सांगून ठेवलं होतं.

"ही चूक नाहीये," त्या म्हणाल्या. "शुद्धलेखन अगदी बरोबर आहे."

२

पुस्तकाची सगळी कागदी करामत ज्यानं रचली त्याला सगळे 'घडी' म्हणत. चाळिशीतला, हाडकुळा. बोलताना हातात जो कागद सापडेल तो दुमडत बसायचा. आत्ता तो बसचं तिकीट दुमडत होता.

"नववा थांबा तू का ठेवलास?" बाईंनी विचारलं.

"दम खायला. आठ वर्षांचा अभिमान सलग फिरवला तर चक्कर येते, बाई."

"कंपनीशी तुझं भांडण झालं होतं ना?"

"भांडण? 'आम्ही ऐकतो' हे एक वाक्य त्यांनी सतरा वेळा बदललं. दर वेळी पट्टीची लांबी बदलायची. शेवटी मी म्हटलं, तुम्ही सोडून सगळे ऐकतात. एवढंच." त्यानं तिकिटाची होडी केली आणि लगेच मोडली. "माझ्यावर संशय आहे?"

"सगळ्यांवर आहे."

"मग ऐका. मी केलं असतं ना, तर असं चोरून नसतं केलं. पान उलटल्यावर अख्खी शेड उभी राहिली असती. छपरासकट."

हे बाईंना पटलं. घडीच्या अंगात राग होता, पण त्याहून जास्त हौस होती.

तरी पटण्यावर त्या थांबल्या नाहीत. गोदामातल्या दहा प्रती त्यांनी मागवल्या आणि घडीला चकत्या सुट्या करायला लावल्या. दुपारभर त्या भिंग आणि बारीक मोजपट्टी घेऊन बसल्या. मान भरून आली. घडी शेजारी उभा राहून बघत होता.

"काय मोजताय?"

"ही ओळ छापलेल्या आकड्यांपासून किती लांब आहे ते. बघ, हिच्यात एवढी, हिच्यात अर्ध्या मिलिमीटरनं जास्त, हिच्यात पुन्हा कमी."

"म्हणजे हातानं दाबली असणार. एकेक करून."

"मलाही तसंच वाटलं. आता चकतीच्या कडेपासून मोज."

घडीनं मोजलं. एक, दोन, पाच, दहा. मोजपट्टी त्यानं खाली ठेवली.

"दहाच्या दहा सारख्या."

"केसाचाही फरक नाही. माणसाच्या हातून असं होत नाही." बाईंनी चकत्या ओळीनं लावल्या. "छपाई आधी झाली, कटाई नंतर. कापताना कागद थोडा इकडेतिकडे सरकतोच, म्हणून छापलेले आकडे कडेपासून पुढेमागे होतात. पण ही ओळ कडेशी घट्ट बांधलेली आहे. म्हणजे चकती कापली गेली त्याच दाबात ही ओळ उमटली."

घडीचा चेहरा उतरला. आठशे चकत्या हातानं कागद घालायच्या जुन्या मशीनवर एकेक करून कापल्या होत्या. आणि ते मशीन एकच माणूस चालवायचा.

"ओळ कापायच्या साच्यातच होती," बाई म्हणाल्या.

३

कटाईची खोली मागच्या बाजूला होती. तिचं दार लाकडाचा ठोकळा लावून कायम उघडं असायचं. बाहेरून धूळ आणि वारा आत येई आणि कागद उडत. बाकीचे कुरकुरत, पण सोळा वर्षांत कुणाला ते दार लावता आलं नव्हतं.

कटाईवाल्यांना सगळे दादा म्हणत. सोळा वर्षांपासून याच मशीनवर, साठीला टेकलेले, रुंद पंजे, कमी बोलणं.

"चकत्या तुम्हीच कापल्या, दादा?" मंगळवारी सकाळी बाईंनी विचारलं.

"आठशेच्या आठशे."

"ओळ दिसली नाही?"

"निळा कागद, आणि माझे डोळे हे असे." ते मशीन पुसत होते. पुसून झालेला भाग पुन्हा पुसत होते.

"साचा कुठे आहे?"

त्यांनी मानेनंच फडताळ दाखवलं. बाईंनी साचा उतरवला. जाड लाकडी फळी, तिच्यात पोलादी पात्यांचं गोल. त्या गोलाच्या आत, नवव्या थांब्याच्या जागी, बोटभर लांबीची चौकोनी खाच कोरून पुन्हा लाकडाच्या पट्टीनं बुजवलेली होती. पट्टी नवी होती, बाकीच्या फळीहून उजळ.

बाईंनी वर पाहिलं. दादा त्यांच्याकडेच बघत होते.

"फडताळाला कुलूप नसतं, बाई," ते म्हणाले. "कुणीही येतं, हात घालतं."

हे खरं होतं. घडी यायचा, मालक यायचे, बांधणीतल्या बायका यायच्या. ओळ साच्यात बसवणारा वेगळा आणि कापणारा वेगळा असू शकत होता. ओळ इतकी बारीक होती की कापणाऱ्याला कळणारही नाही.

"दार जरा लोटू का? चकत्या उडतायत."

"नको." ते एकदम म्हणाले. मग आवाज खाली आणत, "असू द्या. गुदमरायला होतं मला."

टेबलाशी परत येऊन बाईंनी एक चकती दिव्याखाली आडवी धरली आणि भिंगातून अक्षर अक्षर पाहिलं. 'दोन'मधला द ठीक होता. 'बंद'मधला ठीक होता. 'दार'मधल्या द-च्या शेपटीचं टोक तुटलेलं होतं.

हा द बाईंच्या ओळखीचा होता. कापडी बांधणीच्या पुस्तकांवर सोनेरी नावं ठोकायची पितळी अक्षरं छापखान्यात होती, आणि त्यातला एक द तुटका आहे, नवा आणा, हे त्यांनी निदान अकरा वेळा लिहून दिलं होतं. कुणी आणला नव्हता.

ती अक्षरं आता कुणी वापरत नसे. त्या पेटीची किल्ली एकाच माणसाकडे असायची.

४

बांधणी विभागाच्या मावशी पंचवीस वर्षांपूर्वी अक्षरं जुळवायच्या कामावर लागल्या होत्या. उलटी ओळ सुलट्या ओळीसारखी वाचू शकणाऱ्या छापखान्यात आता त्या एकट्याच उरल्या होत्या. त्यांच्या हाताखालच्या नऊ बायका पट्ट्या चिकटवत होत्या. बाईंना बघून त्यांनी हात पुसले आणि त्या बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या.

"इतक्यात येशील असं वाटलंच होतं," त्या म्हणाल्या.

"चकत्या बसवायचं काम तू या वेळी स्वतःकडे घेतलंस. आठशे. चार दिवस."

"मुलींच्या हातून दाते फाटतात."

"दाते फाटतात, की मागच्या बाजूनं अक्षरं बोटाला लागतात?"

मावशींचे पाय सुजलेले होते. त्यांनी चपला काढल्या.

"जुळवली मी ओळ," त्या म्हणाल्या. "पितळी अक्षरं माझी, किल्ली माझी. दे माझं नाव आणि हो मोकळी."

"वाक्य कुणाचं?"

"माझंच."

"तुझं कोण होतं त्या शेडमध्ये?"

"कुणी नाही. पेपरात वाचलं होतं तेव्हा. आगीत सात माणसं गेली. त्यांच्या पुस्तकात त्याचं नाव नाही, निशाण नाही. राग आला."

बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, कुठलं दार?"

"कुठलं म्हणजे?"

"शेडला दारं किती होती?"

"एक असेल की. शेडला किती असणार?"

"दोन होती. एक पुढे, एक मागे. या पुस्तकात जुन्या शेडचा फोटो आहे, त्याखाली तसं लिहिलंय. मी तीन वेळा तपासलंय ते." बाईंनी मावशींच्या हातावर हात ठेवला. "दोन दारं असताना ज्यानं नुसतं 'दार' लिहिलं, त्याच्या डोळ्यांसमोर एकच दार होतं. कुठलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तुला ठाऊक नाही. वाक्य तुझं नाही."

मावशींनी हात सोडवून घेतला आणि चपला पायात सरकवल्या.

"मी काही सांगणार नाही, बाई. तू मालकांना जाऊन सांग हवं तर."

सांगायची गरज पडली नाही. मालक दाराआडून ऐकत होते.

"झालं तर मग," ते बाहेर येत म्हणाले. त्यांना बरं वाटल्याचंही दिसत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. "मावशींनी कबूल केलंय. मला चाळीस घरं बघायचीत. मी आत्ताच कळवतो."

५

"उद्या दुपारपर्यंत थांबा," बाई म्हणाल्या. "चुकीचं नाव दिलंत तर ते खोडता येणार नाही."

मालकांनी कपाळ दाबलं. "दुपारपर्यंत."

बाई घरी गेल्या तेव्हा नवऱ्यानं स्वयंपाक करून ठेवला होता. जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. तो निवृत्त शिक्षक होता आणि ऐकताना मध्ये बोलायचा नाही. सगळं ऐकून त्यानं एकच विचारलं, "दार बाहेरून बंद होतं, हे कळणार कुणाला?"

"आत असलेल्यांना."

"ते तर गेले."

"मग बाहेर असलेल्याला," बाई म्हणाल्या.

बुधवारी सकाळी त्या कंपनीच्या इमारतीसमोरच्या चहाच्या दुकानात बसून होत्या. संस्कृती अधिकारी आले ते इकडेतिकडे बघत.

"मला इथे बघितलं कुणी तर कठीण आहे. काय हवंय?"

"त्या आगीच्या चौकशीचा अहवाल. पुस्तकासाठी जुनी कागदपत्रं तुम्हीच धुंडाळली होती ना?"

त्यांनी चहात साखर घातली, ढवळली, पुन्हा घातली. "धुंडाळली होती. मी पहिल्या मसुद्यात त्या सात जणांसाठी एक पान ठेवलं होतं. अध्यक्षांनी काढायला लावलं. मी काढलं." मग म्हणाले, "शनिवारी ती ओळ दिसली तेव्हा सगळ्यात आधी मला वाटलं, माझंच नाव घेतील."

"ते वाक्य खोटं असतं तर अध्यक्ष एवढे घाबरले असते का?"

अधिकारी उठले. बाईंना वाटलं, गेले. पण वीस मिनिटांनी ते परत आले ते कोटाच्या आत चार जुने कागद घेऊन.

अहवाल कोरडा होता. आग पुढच्या दाराशी लागली. मागचं दार उघडं होतं. धुरामुळे कामगारांना ते सापडलं नाही. मागचं दार उघडं असल्याची साक्ष देणारा माणूस एकच होता, त्या दाराच्या किल्ल्या सांभाळणारा. साक्षीनंतर महिन्याभरात त्यानं नोकरी सोडली, असं कडेला पेननं लिहिलेलं होतं.

खाली त्याचं नाव आणि सही.

बाईंनी ते नाव वाचलं आणि डोळे मिटले. तेच नाव सोळा वर्षं दर महिन्याला हजेरीच्या यादीत त्यांच्या नजरेखालून जात होतं. आणि सहीतलं शेवटचं अक्षर खाली ओढायची ती पद्धतही त्यांना पाठ होती.

"सापडला का माणूस?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"वाक्य लिहिणारा सापडला," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या अध्यक्षांना वाटतंय तसं ते वाक्य कुणावर आरोप करत नाहीये."

६

कटाईचं मशीन बंद होतं. दादा स्टुलावर बसले होते, दाराकडे तोंड करून. मावशी जवळच उभ्या होत्या. बाईंच्या हातातले कागद पाहिल्यावर मावशींनी दादांच्या खांद्याला हात लावला आणि त्या बाजूला झाल्या.

"मावशीनं जुळवलं, तुम्ही साच्यात बसवलं आणि कापलं," बाई म्हणाल्या. "आधी मला वाटलं, सूड असेल. पण सूड घेणारा माणूस लिहितो, दार कुणी लावलं. तुम्ही नुसतं लिहिलंत, दार बंद होतं. पुढचा शब्द तुम्हाला लिहिता आला नाही."

दादांनी दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवले.

"मी लावलं होतं," ते म्हणाले.

त्यांची नजर दाराच्या ठोकळ्यावर गेली.

"लोक मागच्या दारानं चहाला जातात, काम खोळंबतं, म्हणून हुकूम होता. पाळी सुरू झाली की बाहेरून कडी आणि कुलूप. हुकूम देणारे शेडचे प्रमुख होते. आज तेच अध्यक्ष आहेत. त्या दिवशी मी फाटकाशी होतो. धूर दिसला तसा पळत सुटलो. जुडग्यात बावीस किल्ल्या. दोनदा चुकीची लागली." त्यांनी पंजे उलटे करून पाहिले. "आतून ठोकत होते. मग थांबले."

मावशींनी पदरानं तोंड झाकलं.

"संध्याकाळी प्रमुखांनी बोलावलं. म्हणाले, दार उघडं होतं असं सांग. नाहीतर तू खुनी ठरशील, मी नाही. माझी पोरगी तेव्हा पाळण्यात होती. मी सही केली. अठरा वर्षं झाली."

"आणि मग हे पुस्तक आलं," बाई म्हणाल्या.

"पाचव्या पानावरचं ते दार. आठशे दारं कापली मी, बाई. एकेक हातानं. प्रत्येक उघडून बघावं लागायचं, बिजागरी नीट दुमडते का. 'आमचं दार सदैव उघडं.' चारशेपर्यंत कसंबसं गेलो. मग घरी जाऊन भाकर तुकडा काही गिळवेना. शेवटी मावशीला म्हटलं, एक ओळ जुळवून दे. तिनं जुळवता जुळवता वाचली. एक शब्द विचारला नाही."

"विचारायचं काय होतं?" मावशी म्हणाल्या. "यांचं तोंड बघितलं होतं मी."

"वाटलं होतं, कुणाला दिसणार नाही," दादा म्हणाले. "पण असेल. आठशे घरांत असेल. तेवढंच."

बाई साच्यांच्या फडताळाला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना अतिशय थकवा आला होता. गुन्हा शोधायला निघालेल्या माणसाला शेवटी हायसं वाटत असेल, अशी त्यांची समजूत होती.

"दादा, मालकांना दुपारी नाव द्यायचंय. मी अजून सांगितलेलं नाही. मावशी तुमच्या जागी उभी राहायला तयार आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल."

दादांनी मावशींकडे पाहिलं. मग ते उठले, मशीनची मुख्य कळ खाली केली आणि म्हणाले, "कागद द्या मला. कोरे. चार-पाच."

७

गुरुवारी मालकांच्या टेबलाशी दादांनी स्वतःच संस्कृती अधिकाऱ्यांच्या हातात आपला जबाब दिला. पाच पानं, प्रत्येकावर सही. पोलिसांत एक प्रत सकाळीच गेली होती. अधिकाऱ्यांनी उभ्याउभ्या सगळं वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि दादांना नमस्कार केला. मालक खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर जे झालं ते फारसं गोड नव्हतं. कंपनीनं काम रद्द केलं. बांधणीतल्या तिघी दुसरीकडे गेल्या. घडीनं लग्नपत्रिका रचायला घेतल्या आणि तो दिवसेंदिवस चिडका झाला. चौकशी पुन्हा उघडली, अध्यक्ष रजेवर गेले, तारखा पडत राहिल्या. दादांवर खोट्या साक्षीचा खटला झाला. ते प्रत्येक तारखेला वेळेआधी जाऊन बसत.

मधल्या एका रविवारी दादा बाईंच्या घरी आले. हातात सात पत्त्यांची यादी होती.

"दारापर्यंत मी जाईन," ते म्हणाले. "पुढे एकट्याला जमणार नाही. आज एका घरी तरी सोबत चला."

पहिलं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. सातांपैकी एकाच्या ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्या आईनं दार उघडलं. खोली लहान, भांडी घासून पालथी घातलेली, खाटेवर नीट घडी केलेलं पांघरूण. तिनं दोघांना बसायला सांगितलं आणि स्वतः खाटेच्या कडेला बसली.

दादांनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. बावीस किल्ल्याही सांगितल्या, सहीही सांगितली. बोलताना त्यांची नजर फरशीवर होती. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही मला काय हवं ते बोला. मारलंत तरी चालेल."

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं. बाईंना वाटलं, आता किंचाळेल.

"म्हणजे तो दारापाशी होता?" तिनं विचारलं.

"हो."

"तुम्ही उघडलंत तेव्हा?"

"सगळ्यात पुढे तोच होता, आई. कडीच्या बाजूला."

म्हातारीनं पांघरुणावरची न पडलेली सुरकुती हातानं सारखी केली.

"मला साहेब लोक सांगून गेले होते, दार सताड उघडं होतं, तुमच्या मुलाला सापडलं नाही. वेंधळाच होता तो लहानपणापासून. चालता चालता खांबाला आपटायचा. मला वाटलं, तसाच गेला. अठरा वर्षं रागावत होते मी त्याच्यावर. इतकं उघडं दार, मेल्या, आणि तुला दिसलं नाही?" तिचा आवाज चिरकला. "सापडलं होतं तर त्याला."

"सापडलं होतं," दादा म्हणाले.

ती उठली. भिंतीला धरत धरत कोपऱ्यापर्यंत गेली, मुलाचा फोटो काढून खाटेवर घेऊन आली आणि मांडीवर ठेवला. काचेवरून तळवा फिरवत ती त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलू लागली, माफी मागितल्यासारखं. समोर बसलेल्या दोघांचा तिला विसर पडला होता.